चार कानांची बातमी

बापूंबद्दल लिहायचं मी साठ वर्षं टाळलं. म्हणजे एकदा लिहिलं होतं, पण ते न लिहिण्यापेक्षा वाईट होतं. मुरबाडच्या बाजारपेठेतल्या ज्या लहानशा वाचनालयात बापू काम करायचे, त्याची स्मरणिका निघाली तेव्हा जुन्या माणसांवर लेख मागवले होते. मी दोन पानं लिहून दिली. त्यात बापूंचं आखूड धोतर होतं, त्यांचा खणखणीत आवाज होता, आणि शेवटाकडे एक वाक्य होतं: ‘पुढे काही गैरसमजामुळे त्यांना वाचनालय सोडावे लागले.’ लेख छान झाला, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. गैरसमज! तो शब्द छापलेला पाहून मला स्वतःची जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही. आता माझं वय चौऱ्याऐंशी आहे. त्या वेळची माणसं जवळजवळ सगळी गेली. मला खोटं पाडायला कोणी उरलं नाही म्हणून मी खरं लिहायला बसलो, असं कोणी म्हणालं तर तेही चूक नाही.

बापू बातम्यांचे कान मोजायचे. बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या रस्त्याकडच्या खिडकीत बसून ते पेपर मोठ्याने वाचून दाखवत. खाली ओट्यावर आणि रस्त्यावर माणसं बसलेली असत: भाजीच्या रिकाम्या पाट्या शेजारी ठेवलेल्या बायका, मोळी विकून मोकळे झालेले वाडीवरचे लोक, एसटीची वाट बघणारे. बापूंच्या हातात एका टोकाला तांबडी आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल असे. प्रत्येक बातमीच्या समासात ते आधीच खुणा करून ठेवत. लिहिणाऱ्याने स्वतः पाहून लिहिलं असेल तर डोळा. ऐकून लिहिलं असेल तर कान. ज्याच्याकडून ऐकलं त्यानेही ऐकलेलंच असेल, तर आणखी एक कान.

‘सरकारच्या निकटच्या गोटातून एका वृत्तसंस्थेला असे समजते, असे लंडनच्या एका दैनिकाने म्हटले आहे,’ असं काही आलं की बापू थांबत आणि बोटांवर मोजत. “गोटानं सरकारकडून ऐकलं, एक. वृत्तसंस्थेनं गोटाकडून, दोन. लंडनवाल्यानं वृत्तसंस्थेकडून, तीन. आनि आपल्या पेपरवाल्यानं लंडनवाल्याकडून, चार. चार कान. आनि डोळा?”

“नाय!” खाली बसलेले सगळे एका सुरात ओरडत.

हा खेळ दहा वर्षं चालला होता. बाजारात कोणी शेजारणीची काही कुजबुज सांगितली, तरी ऐकणारी विचारायची, “किती कानांची गो?” बापूंचा हा शब्द तालुक्याबाहेरही कुठवर पोचला होता, ते मला पुढे सापगावला शाळेत शिकवताना कळलं. तिथेही एक म्हातारी तसंच विचारायची. तिला बापू कोण ते माहीत नव्हतं.

कान काढायची त्यांची पद्धत वेगळी होती. उभे, लांबट, टोकदार. माणसाचे वाटायचेच नाहीत. मी एकदा हसलो तेव्हा म्हणाले, “खेचराचे हायत. मला तेवढेच काढता येतात.” दुसऱ्या महायुद्धात बापू ब्रह्मदेशात खेचरांच्या पलटणीत होते. तिथून माघार घेताना कोणीतरी गूळ वाटला, तो जुन्या पेपरात बांधलेला होता. पलटणीतल्या कारकुनाने तो कागद वाचून दाखवला. त्यांच्याच पलटणीने शत्रूला रोखून धरल्याची बातमी होती. “आमी त्या वेळेला खेचरं सोडून पळत होतो रे,” बापू सांगायचे. “माझ्या एका पायात बूट नव्हता. आनि पेपरात आमी लढत होतो. मी तो गूळ खाल्ला नाय. मला ओकारी आली.” बापूंना तोवर अक्षरओळख नव्हती. त्या कागदामुळे ते परत आल्यावर, तिशी उलटल्यावर, वाचायला शिकले.

पेपर वाचून झाला की ते मागच्या रांजणावर जाऊन, चुलीतल्या राखेने घासून हात धुवत. शाई जायला हवी म्हणून धुतात, असं मला वाटायचं. एकदा म्हणाले, “शाई नाय रे. कोनाकोनाच्या तोंडातून आलेलं असतंय ते.” भजीवाल्याने पेपरात बांधलेली भजी ते घेत नसत. पळसाच्या पानात मागत.

मी त्या काळी चोवीस वर्षांचा होतो आणि ठाण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचा मुरबाडचा वार्ताहर होतो. ते साप्ताहिक कधीच बंद पडलं. नाव सांगून उपयोग नाही. वार्ताहर म्हणजे काय, तर माझ्याकडे शिक्का मारलेलं एक कार्ड होतं. पण त्या कार्डामुळे स्टँडवरच्या हॉटेलात मला खुर्ची मिळायची आणि कचेरीतले कारकून मला ‘अहो’ म्हणायचे. मी पाठवायचो त्या बातम्या साध्या असत: एसटी वेळेवर येत नाही, बिबट्याने शेळी नेली. एका पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव वाहून गेला. मी भिजत तिथे जाऊन, पलीकडे अडकलेल्या माणसांशी ओरडून बोलून बातमी लिहिली. ती छापून आली तेव्हा बापूंनी समासात डोळा काढला. पापण्यांसकट. आणि पेपर उलटा धरून खिडकीतून सगळ्यांना दाखवला. “हा आपल्या दिगूचा डोळा. बघून घ्या. असे फार नसतात.” पुढे मला शिक्षक म्हणून दोन-तीन मानपत्रं मिळाली. ती कुठे आहेत, मला माहीत नाही. तो डोळा मला अजून दिसतो.

बासष्टची लढाई झाली आणि पेपरातून चीनच्या बॉम्बच्या बातम्या सुरू झाल्या. त्या दोन वर्षांत पेपर हा प्रकार माझ्या मनातून उतरला, तरी मी तो सोडला नाही, हे आधी सांगतो. एका आठवड्यात बॉम्ब तयार होता. पुढच्या आठवड्यात तो व्हायला दहा वर्षं लागणार होती. मग तो डोंगरात लपवलेला होता, मग वाळवंटात पुरलेला, मग तो दुसऱ्याच देशाने दिलेला होता. मग ते भुकेकंगाल लोक असला बॉम्ब कसला करतात, असा अग्रलेख. सगळं ‘समजते’, ‘कळते’, ‘गोटातून’, ‘सूत्रांनुसार’. कोणीही मागचं लिहिलेलं चुकलं म्हणून सांगत नव्हतं. बापू ही कात्रणं कापून खळीने एका जाड वहीत चिकटवत, एकाखाली एक, आणि प्रत्येकाला कान काढत. ती वही उघडली की पानभर खेचरं कान टवकारून उभी असल्यासारखं दिसे.

पेठेतले एक भाताचे व्यापारी वाचनालयाच्या समितीवर होते. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. बापूंच्या कानांचा त्यांना राग यायचा.

“म्हणजे बापू, त्यांच्याकडे बॉम्ब नाही असं तुमचं म्हणणं?”

“मी नाय म्हटलं नाय, शेठ. हाय असंपन म्हटलं नाय. कोनी बघितलं, येवढंच इचारतो.”

“म्हणजे नाहीच की!”

“तुमच्या डोक्यात काय हाय ते मी बघितलेलं नाय. म्हनून काय डोकं रिकामं झालं?”

खालची माणसं इतकी हसली की शेठ पेपर न वाचताच घरी गेले. मीही हसलो होतो. पण ‘विचारणं’ आणि ‘नाही म्हणणं’ यांतला फरक शेठना खरोखरच कळत नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते मी लक्षात ठेवलं. पुढे मला ते उपयोगी पडलं.

चौसष्ट साली, भातकापणीच्या तोंडावर, चीनने बॉम्ब उडवला. त्या दिवशी खिडकीखाली कधी नव्हती एवढी गर्दी झाली. बरेच जण बापूंची फजिती बघायला आले होते. बापूंनी चष्मा पुसला, सबंध बातमी वाचली, आणि पेन्सिल उचलून सगळ्यांदेखत समासात डोळा काढला. “त्यांनी स्वतः सांगितलंय, आनि दुसऱ्यांच्या यंत्रांना पन कळलंय. डोळा हाय. वाईट झालं,” ते म्हणाले आणि पुढच्या बातमीकडे वळले. फजिती बघायला आलेल्यांची निराशा झाली.

दोन दिवसांनी मला संपादकांचं पत्र आलं. सगळ्या तालुक्यांतून बॉम्बविषयी काही ना काही येतंय, तुमच्याकडून काहीच नाही, वार्ताहर बदलावा लागेल काय, असा मजकूर होता. मी दुपारी जेवून उठलो, चटईवर बसलो आणि पाटावर कागद ठेवून लिहिलं: ‘वैशाखरे परिसरात उभ्या भातावर काळसर राख पडल्याचे आढळून आले असून, ती परदेशी अणुस्फोटाची असावी, असे जाणकारांचे मत आहे.’ वैशाखऱ्याला मी दोन वर्षांत गेलो नव्हतो. मला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. राख नव्हती. जाणकार नव्हते. वैशाखरे हे नाव मी एवढ्यासाठी घेतलं की ते घाटाच्या पायथ्याशी आहे, लांब आहे, आणि तिथून कोणी विचारायला येणार नाही असं मला वाटलं. लिहायला पंधरा मिनिटं लागली. नंतर मी झोपलो. झोपही चांगली लागली.

यापुढे जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. बातमी छापून आली, कोणीतरी ती वैशाखऱ्याला नेली, आणि लोकांनी शेतात जाऊन पाहिलं तर भातावर खरोखरच काळं होतं.

भात करणाऱ्यांना ही गोष्ट सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पाऊस रेंगाळला आणि पीक जोमात आलं की लोंबीतल्या एखाद-दुसऱ्या दाण्याच्या जागी आधी पिवळट, मग हिरवी-काळी मखमली गोळी धरते. हात लावला की बोटाला पूड लागते. तिला काजळी म्हणतात. ती दर दोन-तीन वर्षांनी येते. आजे-पणजे तिला ओळखत होते. जुनी माणसं तर काजळी दिसली की साल चांगलं म्हणायची. उफणताना ती उडून जाते. पण त्या वर्षी, पेपरात आल्यावर, त्याच माणसांना तीच काजळी राख दिसू लागली. जन्मभर भातात उभं राहिलेल्यांनी आपल्या डोळ्यांपेक्षा माझ्या पंधरा मिनिटांवर भरवसा ठेवला.

बाजाराच्या दिवशी बापूंनी ती बातमी वाचली. मी ओट्याच्या कडेला बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ते बोटांवर मोजू लागले. “कोनी शेतकऱ्यानं काय तरी बघितलं. त्याच्याकडून शेजाऱ्यानं ऐकलं, एक. शेजाऱ्याकडून एसटीच्या कंडक्टरनं, दोन. कंडक्टरकडून जाणकारानं, तीन. जाणकाराकडून आपल्या दिगूनं, चार. चार कान. आनि डोळा?”

“नाय,” काही जण म्हणाले. पण नेहमीचा जोर नव्हता. तेवढ्यात मागून एक जण उठला. वैशाखऱ्याचा गोमा. “हाय, बापू! मी बघितलंय. माझ्याच भाताला हाय.”

दहा वर्षांत पहिल्यांदाच खालून डोळा उभा राहिला होता. बापूंनी पेपराची घडी घातली. “मग चल, बघू. दिगू, तू पन चल. तुझी बातमी हाय.”

टोकावड्यापर्यंत एसटीने आणि पुढे पायी आम्ही गेलो. गोमाच्या शेतात निम्मं भात कापलेलं, निम्मं उभं होतं. बापू उभ्या भातात शिरले. एक लोंबी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिली. मग आभाळाकडे बघितलं, मग गोमाच्या घराच्या छपराकडे.

“गोमा, छपरावर राख हाय?”

“नाय.”

“पानावर?”

“नाय.”

“म्हंजे चीनवरून आली ती नेमकी दान्यादान्यावर बसली. एक सोडून एक.”

गोमा पुन्हा छपराकडे बघायला लागला.

“दोन वर्सांमागं असंच काळं आलं होतं का नाय?”

“आलं होतं. ती काजळी होती.”

“आनि ही?”

“ही राख.”

“फरक काय?”

गोमा अवघडला. “ही पेपरात आलीय, बापू.”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी तिथेच सांगून टाकलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगत नाही.

परत निघताना गावाबाहेरच्या वाडीवरची एक बाई बांधावर आडवी आली. सोमी तिचं नाव. बापू तिला बाजारातून ओळखत होते. वाडीवरच्या लोकांना जमीन नव्हती. कापणीला जायचं आणि मजुरी भाताच्या रूपात घ्यायची, अशी रीत होती. तिने पदरातलं भात दाखवलं. त्यात काळं फार होतं. “बापू, या साली आमाला हेच मापून दिलं. चांगलं त्यांनी घरात ठेवलं, काळं येगळं काढून आमाला. पोरांना घालू का नको, तुमी सांगा.”

मला वाटतं, बापूंना इतका संताप आलेला मी तेव्हाच पाहिला. ते मागे फिरले आणि शेताच्या कडेला उभ्या असलेल्या गोमासमोर जाऊन उभे राहिले. “इख हाय म्हनतोस ना? इख हाय म्हनतोस आनि त्यांना मापून देतोस?” गोमा खाली बघू लागला. “सगळ्यांनीच दिलं, बापू,” तो म्हणाला. बापू बांधावर थुंकले. मग सोमीच्या पदरातलं मूठभर भात घेतलं, दगडावर चोळलं, फुंकरीने काळं उडवलं आणि ते कच्चे तांदूळ सगळ्यांदेखत चावून खाल्ले. “काजळी हाय गो. उफनून घे आनि शिजव. तुझी आजी हेच खायची.”

त्या भातापेक्षा घाण मी होतो. बांधावर उभा होतो आणि माझ्या अंगावर कोणाला काही काळं दिसत नव्हतं.

एसटीत बापू माझ्या शेजारी बसले. “तुझा दोष नाय. ऐकलंस ते लिहिलंस. पन आता बघितलंस. एक ओळ छाप. राख नव्हती, काजळी होती. जागा नसली तर दोनच शब्द छाप: काजळी होती.” मी मान हलवली. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “परत डोळा काढीन तुला,” म्हणाले.

मी संपादकांना लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: खुलासा छापला की पेपराची अब्रू जाते, आणि मुळात तुमचे जाणकार कोण, ते कळवावे. अडचण या दुसऱ्या वाक्याची होती. जाणकार कोण, हे मी कोणाला सांगणार होतो? खुर्ची जाणार, कार्ड जाणार, स्टँडवर लोक हसणार. म्हणून मी संपादकांना दुसरं काहीतरी दिलं. चांगलं, चमचमीत. ‘मुरबाडच्या एका वाचनालयातील कर्मचारी खेडोपाडी हिंडून शत्रूकडे बॉम्बच नसल्याचे सांगत असून, भातावर पडलेल्या राखेबाबतही लोकांची दिशाभूल करीत आहे. यामागे कोणाचा हात आहे, याची चौकशी व्हावी, अशी जाणकारांची मागणी आहे.’ जाणकार पुन्हा तेच. मी.

बॉम्ब नाही, असं बापू एकदाही बोलले नव्हते. हे माझ्याइतकं स्पष्ट कोणालाच माहीत नव्हतं. मी फक्त शेठना जसं ऐकू यायचं तसं लिहिलं, आणि ते शेठसारख्या सगळ्यांना पटलं.

पुढच्या बाजाराला बापू नेहमीसारखे खिडकीत बसले. त्यांनी ती बातमी स्वतःच वाचली. एक शब्द गाळला नाही, आवाज चढवला नाही की उतरवला नाही. समासात कान काढला नाही, डोळा काढला नाही. पेन्सिल खिडकीच्या चौकटीवर ठेवली आणि म्हणाले, “दहा वर्सं तुमी हितं बसून ऐकताय. तुमीच सांगा. बॉम्ब नाय असं मी कधी बोललो?”

खाली शंभरेक माणसं असतील. त्यांना एकच शब्द म्हणायचा होता. तोच शब्द, जो ते दहा वर्षं दर बाजाराला हसत हसत ओरडत होते.

कोणी बोललं नाही. एका बाईने पाटी उचलली. गोमा तिथे होता. तो चपलेचा अंगठा बघत बसला. शेठ समोरच्या दुकानात उभे होते. आणि मी ओट्याच्या कडेला, माझ्या नेहमीच्या जागी. बापूंची नजर सगळ्यांवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि तशीच पुढे गेली. मग त्यांनी पेपराची घडी केली आणि मागे हात धुवायला गेले. रांजणावर ते फार वेळ होते. पाण्याचा आवाज रस्त्यावर येत होता.

त्या आठवड्यात एक पोलीस येऊन कात्रणांची वही घेऊन गेला. ती परत आली नाही. वाचनालयामागच्या बापूंच्या खोलीच्या दारावर कोणीतरी कोळशाने ‘चिनी’ असं लिहिलं. समितीने वाचनालयाची किल्ली मागून घेतली. त्यात माझ्या माहितीप्रमाणे एकानेही विरोध केला नाही. समितीतले दोघे तर बापूंकडून वाचायला शिकलेले होते. बापू सामान बांधून शहापूरकडे, शेणव्याला बहिणीच्या घरी गेले. ते एसटीत चढले तेव्हा मी हॉटेलात माझ्या खुर्चीवर होतो. उठलो नाही.

आणि खिडकी समितीने मला दिली. होय, मीच बसलो तिथे. पुढचे सात-आठ बाजार मीच पेपर वाचून दाखवला. ‘सूत्रांकडून समजते’ असं आलं की मी सरळ पुढे जायचो. खालून कोणी विचारलं नाही, किती कान. पेन्सिल चौकटीवर तशीच पडलेली होती. मी तिला हात लावला नाही. एका दिवशी ‘सूत्रांकडून’ असं आलं आणि मी तिथेच थांबलो. मी पेपर ठेवून बाहेर आलो, तो परत गेलो नाही. वार्ताहरकी सोडली, शिक्षक झालो, आणि माझी नेमणूक झाली सापगावला. तिथून शेणवा काही मैलांवर आहे. रोज समोरून तिकडची एसटी जायची. तिच्यात बसायला मला चार वर्षं लागली.

गेलो तेव्हा बापू पडवीत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी नाव सांगण्याआधीच माझा आवाज ओळखून म्हणाले, “दिगू ना रे? ये, बस. बरं झालं आलास. हितं वाचून दाखवनारं कोनी नाय. भाची वाचते, पन ती ‘सूत्रांकडून’ गाळून वाचते. तिला वाटतं ते महत्त्वाचं नाय.” आणि ते हसले.

मी पेपर वाचला. कुठल्याशा देशाने नवीन अस्त्र केल्याची बातमी होती, कोणाच्या तरी हवाल्याने, आणखी कोणाच्या तरी हवाल्याने. बापू मांडीवर एकेक बोट दुमडत होते. वाचून झालं तेव्हा तेच म्हणाले, “एक इचारायचं राहिलं होतं तुला. त्या वैशाखऱ्याच्या बातमीला मी चार कान काढले होते. मागून वाटायला लागलं, ते मी अदमासानं काढले. तुला इचारलं नाय. कदाचित तू त्या शेजाऱ्याकडूनच ऐकलं असशील, म्हंजे दोनच. चारचौघांत तुझे दोन कान वाढवले मी. ते बरं नाय झालं. किती होते रे खरे?”

मी पेपराची घडी घालू लागलो. तेच पुढे म्हणाले, “कितीपन असू दे. शेवटच्या कानाच्या पलीकडं एक डोळा असतोच. कोनी तरी काय तरी बघितलेलं असतं. काजळी का असंना. त्याशिवाय बातमी होत नाय.” त्यांच्या डोळ्यांवर पांढरं आलेलं होतं आणि ते माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होते. खोटं बातमीत मिसळतं, वाढतं, हे त्यांना माहीत होतं. पेपरवाल्यांची त्यांना ओकारी यायची. पण कोणी चटईवर बसून, काहीही न बघता, काहीही न ऐकता, सबंध बातमी करतो, हे या माणसाच्या मनात आलेलंच नव्हतं. निदान माझ्याबद्दल तरी नाही.

“चारच होते, बापू,” मी म्हणालो. “बरोबर काढले होतेत.”

“मग ठीक हाय,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

त्याच पावसाळ्यात बापू गेले. मला ते शहापूरच्या बाजारात कळलं, तीन कानांनी.

शेणव्याला जाताना एसटीत मी एक वाक्य पाठ केलं होतं. ‘बापू, त्या बातमीला एकही कान नव्हता, डोळा नव्हता, मी ती घरी बसून रचली, आणि दुसरीही मीच रचली, माझं चुकलं.’ एका दमात म्हणता येण्याजोगं होतं. परतीच्या गाडीला पाऊण तास होता. बापू मला सोडायला भिंत धरत रस्त्यापर्यंत आले आणि गाडी येईपर्यंत माझ्याबरोबर उभे राहिले. त्या पाऊण तासात आम्ही भाताबद्दल बोललो.